विरजण

मी निवृत्त झालो तेव्हा बायकोच्या नोकरीची अजून तीन वर्षं उरली होती. आता सकाळी ती बँकेत निघते आणि मी डबा घेऊन दारात उभा. पस्तीस वर्षं हे उलटं चाललं, तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता समोरच्या काकू दार किलकिलं करून म्हणतात, ''किती करता हो तुम्ही!'' हे वाक्य बायकोच्या वाट्याला आयुष्यात एकदाही आलं नाही. मला आठवड्यातून दोनदा मिळतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही.

आईला मात्र ते सोसत नाही. मी पोळ्या लाटत असताना बेल वाजली की शहाऐंशीव्या वर्षी ती टुणकन उठते आणि माझ्या हातचं लाटणं काढून घेते. पाहुणा गेला की परत देते. पोळ्यांच्या नकाशांचा विनोद आता जुना झाला. माझ्या गोल होतात, फक्त फुगत नाहीत.

तर, स्वयंपाक जमला असं मी जाहीर करून टाकलं. मग एका गुरुवारी दुपारी बारा वाजता साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. डबा उघडला, तर साबुदाणे खडखडीत. ते आदल्या रात्री भिजवायचे असतात. मटकीची उसळ तर त्याच्याही आदल्या दिवशी सुरू होते. आजचं जेवण कालच शिजायला लागलेलं असतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं. मी इतकी वर्षं फक्त शेवटचा अंक पाहत होतो.

सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतं याची. घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषाची ९७. तीही ज्यांनी काही केलं त्यांचीच. पेपर वाचत बसलेले त्यात धरलेलेच नाहीत. पाहणीत दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे पाडले होते. विरजण लावायला लागतं अर्धं मिनिट. ते कुठल्या तुकड्यात मांडणार? आणि दिवसभर ते डोक्यात वागवायचं, ते कुठे?

''अगं, मला आठवण करून द्यायचीस ना,'' विरजण लावायचं विसरलो तेव्हा मी एकदा म्हणालो.

''अहो, आठवण ठेवणं हेच तर काम आहे,'' ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

तेव्हापासून मोबाइलवर रात्री साडेदहाचा गजर लावला आहे. परवा तो वाजला. दूध कोमट केलं, फ्रिज उघडला, तर दह्याचं भांडं धुऊन पालथं घातलेलं. शेवटचा चमचा दुपारी मीच भाताबरोबर चाटून पुसून खाल्ला होता, आणि भांडंही मीच, मोठ्या अभिमानाने, घासलं होतं.

वाटी घेऊन समोरची बेल दाबली. दार काकांनी उघडलं. उभ्या आयुष्यात चहाचा कप उचलून ठेवला नाही अशी त्यांची ख्याती. मी ओशाळून म्हणालो, ''जरा विरजण हवं होतं. काकू झोपल्या का?''

त्यांनी काकूंना उठवलं नाही. दिवाही न लावता आत गेले आणि वाटीत चमचाभर दही घेऊन आले.

''दूध फार गरम नाही ना?'' त्यांनी हळूच विचारलं आणि दार लोटून घेतलं.