ठोकेकाका

दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत: चायना, फ्रान्स, रशिया, मोरोक्को, पर्शिया. त्यामुळे "राहतो ग्रीसला, पण पार्किंग स्पेनला मिळतं," असं इथला माणूस सहज बोलून जातो. आमचे ठोकेकाका त्याच्या पुढचे. "इंग्लंडला अठ्ठ्याण्णव होते, फ्रान्सला एकशेदहा, आणि रशियात शिरलो तर थेट एकशेसोळा!" नवख्याला वाटतं, काका कसलातरी भाव सांगताहेत. ते सांगत असतात नाडीचे ठोके.

काका बावन्न वर्षांचे. मनगटावरच्या घड्याळात ते वेळ सोडून सगळं बघतात. २२० मधून वय वजा करा, की आले हृदयाचे कमाल ठोके, काकांचे १६८. मध्यम व्यायामात त्याच्या सत्तर टक्क्यांपर्यंत जायचं, म्हणजे ११८. एकशेएकोणिसावा पडला की काका जागच्या जागी थांबतात आणि मागून येणाऱ्या काकू त्यांच्यावर आदळतात.

हे सूत्र १९७१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मोजक्या अभ्यासांवरून अंदाजाने मांडलं. ती सरासरी. एकाच वयाच्या दोघांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारांचा फरक सहज असतो. दुबईत रडारसुद्धा वेगमर्यादेवर वीस किलोमीटरची सूट देतं. काका स्वतःला एका ठोक्याची देत नाहीत.

मध्यंतरी त्यांना २००१ सालचं दुसरं सूत्र सापडलं. २०८ मधून वयाचे सात दशांश वजा. काकांचे १७२ भरले. चार ठोके वाढले म्हणून त्यांनी मजल्यावर पेढे वाटले! कंपनीने त्या वर्षी काहीच वाढवलं नव्हतं, हेही खरं. व्यायामाने कमाल ठोके वाढत नाहीत, बसल्या जागचे कमी होतात, असं कुणीतरी सांगून पाहिलं. "मग घाम कशाला गाळायचा?" काका उखडले.

उन्हाळ्यात बाहेर चालणं अशक्य. त्या उकाड्यात नेहमीच्याच चालीला ठोके चढतात. मग काकांची वारी शेजारच्या ड्रॅगन मार्टमध्ये, एसीत. परवा तिथे काकूंनी एका झुंबराचा भाव विचारला. काका नुसते उभे होते, पाऊलही उचललं नव्हतं. घड्याळ १३१ वर गेलं आणि त्याने विचारलं, व्यायाम सुरू केलात का?

खरं तर डॉक्टर एक फुकटचं माप सांगतात: चालताना बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे व्यायाम मध्यम. काका टोकापासून टोकापर्यंत अखंड बोलतात, तेव्हा त्यांना घड्याळाची गरजच नाही. मर्यादा ओलांडतो तो ऐकणारा.

एकदा मात्र काकांचं चुकलंच. खालच्या मजल्यावरच्या भाऊंचे ठोके कितीही चाला, शंभराच्या पुढे जाईनात. "हृदय आळशी आहे तुमचं," असं म्हणून काकांनी त्यांना जिन्यावरून वरखाली पळवलं. भाऊ बीपीची गोळी घेतात, आणि त्यातल्या काही गोळ्या ठोके मुद्दाम खाली ठेवतात. अशांना वजाबाकीचं सूत्र लागू नाही. त्यांनी आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. भाऊंच्या डॉक्टरांनी जिना बंद केला, काकांनी भाऊंशी बोलणं.

इंटरनॅशनल सिटीत आलात तर काकांना जरूर भेटा. चहा उत्तम मिळेल. फक्त वय सांगू नका.