दाढीवाले काका

ओरेगनमधल्या सेलम गावात आमच्या ओळखीचे एक काका राहतात. मूळचे सांगलीचे, म्हणजे हळदीच्या गावचे. स्वतः रोज तुळतुळीत दाढी करतात, पण बोलतात ते फक्त दाढ्यांबद्दल. बिअर्डेड आयरिसच्या. श्रायनर कुटुंबाची आयरिसची शेतं याच गावाजवळ, तिथे एकदा मे महिन्यात गेले आणि परत आले ते असे.

तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबत्या. लोंबत्या पाकळीवर मधोमध केसाळ पट्टा, ती दाढी. मधमाशीला ती आत जायची वाट दाखवते म्हणे. पाहुण्याला काका दाखवतात. चहाला गेलेल्या माणसाला आधी वाफ्याशी उकिडवं बसावं लागतं. "बोट लाव. हळूच! निळ्या फुलाला नारिंगी दाढी. पाहिलीस कधी?" चहा आत निवतो.

पहिल्या वर्षी मात्र सांगली आडवी आली. आयरिसचे गड्डे दिसायला थेट आल्यासारखे. काकांनी ते चार बोटं खोल पुरले, वर खत, वर रोज पाणी. सगळे कुजले, आणि वास असा की शेजारी विचारायला आले. मुळं मातीत, पण पाठ उन्हात उघडी, असं त्या गड्ड्याला जगायचं असतं. आता दुसऱ्याच्या अंगणात पुरलेला गड्डा दिसला की काका विचारत नाहीत, उकरतात. गेल्या गणपतीत आत आरती चालू होती आणि हे बाहेर झब्बा सावरून यजमानांची माती बाजूला करत होते.

एकदा सांगलीला ताईंशी फोनवर म्हणाले, "एडिथचे आज तुकडे केले. आता वाळत टाकलीय." ताईंच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी काकूंनी खुलासा केला, की एडिथ वोल्फर्ड म्हणजे वर पिवळं, खाली निळं असं वाण आहे, १९९३ साली त्याला डाइक्स पदक मिळालंय. पदकाचं ऐकून ताईंना जास्तच वाईट वाटलं.

कॅटलॉगातल्या 'लाल' आयरिसवर त्यांचा विशेष राग. "विटकरी आहे ते, विटकरी!" हे मात्र खरं, अस्सल लाल अजून कोणालाच साधलेला नाही. काकांनीही संकर करून पाहिला. तीन वर्षं वाट बघितल्यावर फुललं ते बटाट्याच्या सालीच्या रंगाचं. त्याला त्यांनी प्रेमाने काकूंचं नाव दिलं. काकू आठवडाभर बोलत नव्हत्या.

दर तीन-चार वर्षांनी गर्दी झालेले गड्डे खणून वेगळे करावे लागतात; एकाचे चार-पाच होतात आणि ओळखीच्यांमध्ये वाटले जातात. माझ्या गराजमध्ये आठ पिशव्या आहेत, प्रत्येकीवर नाव लिहिलेलं. कोणाला हव्या असतील तर खुशाल न्या, काकूंचीही आहे. फक्त खोल पुरू नका. ते बघायला येतात.