फॉरमॅट मारून टाकू, साहेब!
कुर्ला पश्चिमेला लॅपटॉप अडकायला लागला की डॉक्टर गल्लोगल्ली. एक म्हणतो रॅम वाढवा, दुसरा म्हणतो व्हायरस आहे, तिसरा थेट फॉरमॅटवर येतो. आतली हार्ड डिस्क टक्‌टक्‌ करत स्वतःच दुखणं सांगत असते, पण तिला विचारतो कोण! मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं; खराब झालेला सेक्टर ते पुन्हापुन्हा वाचू पाहतं आणि पडदा गोठतो. डिस्क स्वतःचीच जी 'स्मार्ट' तपासणी करते, तिच्यात बहुधा याची नोंद असते. ती बघायचे पैसे लावता येत नाहीत, म्हणून ती कुणी उघडत नाही. आधी डेटा उतरवून घ्या, हे सांगेल तर भंगारवालाच. त्याला डिस्कमधलं चुंबक आणि ॲल्युमिनियम हवं असतं, तुमच्या लग्नाचे फोटो नव्हे.