किलोच्या भावातली पायरी

पनवेलमध्ये डब्ल्यूपीसीच्या पायरीखाली लावायला अँगल मागा, दुकानदार भिंतीवरच्या फळीचा पांढरा ब्रॅकेट काढून देतो. तो पातळ पत्र्याचा असतो. त्यावर लोणच्याच्या बरण्या राहतील. पायरीवर माणूस उतरतो आणि त्याचं सगळं वजन क्षणभर एका पायावर, तेही फळीच्या पुढच्या कडेवर येतं.

कळंबोलीच्या लोखंड बाजारात अँगलला तोटा नाही. चाळीस बाय चाळीस, पाच एमएम, हवा तेवढा घ्या. पण तो कापून, भोकं पाडून द्यायला फॅब्रिकेटर लागतो आणि कटकट तिथे सुरू होते. मी सांगतो, भोक लांबट पाहिजे. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक. एप्रिलच्या उन्हात फळी लांबीत वाढते. गोल भोकात स्क्रू आवळला की तिला सरकायला जागा उरत नाही, मग ती फुगते नाहीतर स्क्रूपाशी चिरते.

"काय नाय होत साहेब, वेल्डिंग मारून देतो."

वेल्डिंग अँगलला होईल, फळीचं काय? फॅब्रिकेटरचा भाव किलोवर असतो. लांबट भोक पाडायला वेळ जातो आणि वजन उलट कमी होतं, म्हणून त्याला ते नको असतं. हे मला समजतं. भोकांचे वेगळे पैसे लाव म्हटलं तरी तो ऐकत नाही, याचा मात्र राग येतो.

मधल्या आधाराचंही तेच. ही फळी सागवानापेक्षा जास्त वाकते. बरेच उत्पादक पायरीसाठी नऊ ते बारा इंचांवर आधार मागतात. तीन फुटी पायरीला दोन टोकांचे दोन अँगल पुरत नाहीत. खाली चौकट आणि तिच्यात आडव्या पट्ट्या हव्यात.

आणि गंज. इथे जूनपासून चार महिने पाऊस, खाडीही जवळ. रेड ऑक्साईडवर सिल्व्हर पेंट मारून 'गॅल्व्हनाइज केलंय' म्हणू नये. आधी भोकं, मग वेल्डिंग, मग साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवणं, हाच क्रम. उलट केलं तर वेल्डिंगच्या जागी जस्त जळून जातं. पण चार चौकटींसाठी भट्टीपर्यंत कोणी जात नाही.

डब्ल्यूपीसी विकणाऱ्यांनीच जस्त चढवलेल्या, लांबट भोकांच्या तयार चौकटी दुकानात ठेवाव्यात. आधारांमधलं अंतर फळीच्या पाठीवर मराठीत छापावं, म्हणजे फॅब्रिकेटरपुढे ते तरी धरता येईल.