नावाडी

घरात गोड बातमी कळली की पहिला फोन आईला जातो, दुसरा सासूला आणि तिसरा नाइलाजाने यांना. नाइलाजाने अशासाठी, की यांना उशिरा कळलं तर हे बारशाला नुसते पाहुणे म्हणून येतात आणि पाळण्याशेजारी उभं राहून ठेवलेल्या नावावर मत देतात. एका बारशाला आत्या बाळाच्या कानातून तोंड बाजूला करते न करते तोच हे म्हणाले होते, "हरकत नाही. लग्नात बदलता येतं." मुलगी तेव्हा बारा दिवसांची होती.

प्रत्येक घराण्यात असा एक नावाडी असतोच. बहुधा निवृत्त, बँक, पोस्ट किंवा शाळा यांपैकी कुठून तरी. या तिन्ही ठिकाणी जन्मभर दुसऱ्यांची पूर्ण नावं वाचण्याचं काम असतं, त्याचा हा परिणाम. स्वतःच्या मुलांची नावं मात्र बायकोने परस्पर ठेवलेली असतात. त्यामुळे उरलेली सगळी हौस पुतणे, भाचे, शेजारी आणि प्रसंगी सोसायटीच्या वॉचमनवर भागवली जाते.

त्यांचा सिद्धांत एकच. "आडनाव आपल्या हातात नाही. ते गावाने दिलं, वतनाने दिलं, धंद्याने दिलं, नाहीतर कुणा खापरपणजोबाच्या खोडीवरून गल्लीने दिलं. हातात काय? तर नाव. तेव्हा आडनावाने करून ठेवलंय ते नावाने निस्तरायचं." आणि निस्तरायच्या नादात लोक आणखी घोळ घालतात, हे त्यांचं दुःख. जागृती झोपे, सुकेशिनी टकले, सत्यजित खोटे अशी उदाहरणं त्यांच्या जिभेवर असतात. एकबोट्यांकडच्या एका आत्याबाईंनी हौसेने एकलव्य सुचवलं, तर हे हात जोडून म्हणाले, "ताई, होतं ते एक बोटही गुरुदक्षिणेत घालवता?"

कान चांगला आहे त्यांचा, हे मान्य करायलाच हवं. लांब आडनावाला तोकडं नाव आणि तोकड्या आडनावाला ऐसपैस नाव, हा त्यांचा हिशेब. तेंडुलकर पाच अक्षरी, म्हणून सचिन तीनच. रमेश तेंडुलकरांनी ते नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं हे जगाला माहीत आहे, पण नावाड्याच्या मते कवी माणसाने अक्षरंही मोजलीच असणार. याहून आवडतं उदाहरण लताबाईंचं. जन्मनाव हेमा, घराण्याचं आडनाव हर्डीकर. दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशीवरून मंगेशकर हे आडनाव घेतलं आणि आपल्या 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून मुलीला लता केलं. "म्हणजे दोन्ही बाजू दुरुस्त केल्या! हेमा हर्डीकर म्हणून बघा," असं म्हणून ते खरोखरच म्हणायला लावतात, आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे विजयाने बघतात. गाणं तेच राहिलं असतं, असं कुणी म्हटलं तर त्यांना ऐकू येत नाही.

नाव सुचलं की परीक्षा सुरू होतात. पहिली हाकेची. नावाडी गॅलरीत जातो आणि जन्माला न आलेल्या मुलाला खालच्या मैदानातून जेवायला बोलावतो. नेन्यांच्या सुनेने "काका, आम्ही मनन ठरवतोय" असं सांगितलं, तेव्हा त्यांनी कठडा धरून तीनदा हाक मारली. मनन नेने! मननने ने! मनननेने! मग आत येऊन शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हे नाव नाही, थंडीत स्कूटर चालू होत नाहीये." सूनबाई हिरमुसली, पण खालून दोन मुलं खरंच 'आलो' म्हणून ओरडली होती, त्यामुळे हाक पोचते एवढं तरी सिद्ध झालं. अमोल लेले यांनाही या कारणाने त्यांच्या लेखी पूर्ण नाव नाही. एक 'ल' कायम लेल्यांच्या घरात राहतो.

दुसरी परीक्षा लग्नपत्रिकेची. कागदावर 'चि.' किंवा 'चि. सौ. कां.' लिहून पुढे नाव घालून बघायचं. तिसरी दारावरच्या पाटीची. चौथी इंग्रजी स्पेलिंगची, आणि इथे त्यांचा पाय घसरतो, कारण या प्रांतात सुना हुशार असतात. अनल म्हणजे अग्नी, असं अस्सल संस्कृत नाव त्यांनी न्यू जर्सीतल्या नातवासाठी सुचवलं, तेव्हा फोनवर तिकडून बराच वेळ काही ऐकूच आलं नाही.

त्यांच्याजवळ विमा एजंटाने दिलेली लाल रेक्झिनची डायरी असते. तारखांशी तिचा संबंध नाही. दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी असे रकाने. वापरून झालेल्या नावांवर काट, आणि काही नावांपुढे 'राखीव'. कुणासाठी राखीव ते विचारायचं नाही. नव्या नावांना डायरीत थारा नाही. "विष्णुसहस्रनामात हजार नावं आहेत, आणि तुम्हाला कियांश पाहिजे? अर्थ काय?" मोबाइलवर बघून उत्तर येतं, विष्णूचा अंश. मोबाइलवर कुठलंही नाव घाला, तो विष्णूचा अंश तरी असतो नाहीतर सूर्याचा पहिला किरण.

गुरुजींशी त्यांचं फारसं जमत नाही. गुरुजी पंचांग उघडून चरणाक्षर सांगतात आणि अक्षराला आडनावाची काही फिकीर नसते. उत्तराभाद्रपदेची अक्षरं दू, थ, झ, ञ. बाळ चौथ्या चरणावर आलं तर 'ञ' वरून काय ठेवणार? गुरुजी तोडगा काढतात की नक्षत्रनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं. नावाडी म्हणतो, मग आधीच मला का नाही विचारलं?

अलीकडे मात्र सरकारने त्यांचं काम दुप्पट केलं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांसाठी सक्तीचा झाला. हा निर्णय योग्यच होता. मला वाटतं, फार आधी व्हायला हवा होता. नावाड्याचाही विरोध नाही, पण आता चार नावांचा मेळ घालायचा म्हणजे आद्याक्षरं पुन्हा तपासणं आलं. आईचं नाव पल्लवी, वडील बळवंत, आडनाव सबनीस, अशा घरात मुलाचं नाव गगन ठेवायला सगळे तयार होते. यांनी कागदावर नुसती आद्याक्षरं लिहून कागद फिरवला. ग. प. ब. स. पोरगं जन्मभर सही करताना स्वतःलाच दटावत राहिलं असतं. त्या दिवशी घराण्याने त्यांना प्रथमच मनापासून चहा दिला.

एवढं करून निवडलेल्या नावाचं पुढे काय होतं? शाळेच्या हजेरीपटावर आडनाव आधी येतं, म्हणजे सगळी चाल उलटी वाजते. वर्गात मित्र नुसत्या आडनावालाच 'या' लावून हाक मारतात, कुलकर्ण्या, देशपांड्या. घरात आजी बाळ्या किंवा चिमी म्हणते आणि ते पन्नाशीपर्यंत टिकतं. हे त्यांना कुणी बोलून दाखवत नाही.

ज्यांच्या घरी पाळणा हलायचा आहे, त्यांनी एक ध्यानात ठेवावं. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना तेव्हा कोरा राहिला तरी चालतो. पुढे 12 महिन्यांपर्यंत नाव फुकट चढवता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून नोंदणीपासून 15 वर्षांपर्यंत. यातलं शेवटचं वाक्य नावाड्याच्या कानावर जाऊ देऊ नका.