हात जातो की ओ!

आमचे साडू बेळगावचे. व्हाइटफील्डमध्ये स्थायिक होऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली. आयटीपीएलजवळच्या एका काचेच्या इमारतीत ते मोठ्या हुद्द्यावर आहेत, हाताखालची माणसं तीन देशांत पसरलेली आहेत, आणि ऑफिसात स्वतःचा माऊस बिघडला तरी ते नियमाप्रमाणे तक्रार नोंदवून दुरुस्तीवाल्या पोराची वाट बघत बसतात. हाच माणूस रविवारी सकाळी सोसायटीच्या तळघरात, के. ए. 22 अशी बेळगावची पाटी मिरवणाऱ्या एका छोट्या गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला असतो. आपण मागे जाऊन उभे राहिलो की चपलांच्या आवाजावरून ओळखतात. वर न बघता म्हणतात, "आलात? टॉर्च धरा."

घरी गाडी दुरुस्त करणारे लोक खूप असतात. कुणाला पैसे वाचवायचे असतात, कुणाचा मेकॅनिकवर विश्वास नसतो, कुणाला रविवारी भाजी आणायला जायचं नसतं. साडूंचं यातलं काहीच नाही. त्यांना गाडीचीसुद्धा फारशी आवड नाही. ऑफिसला मेट्रो बरी म्हणतात. त्यांचा जीव आहे तो फक्त हात न पोचणाऱ्या बोल्टावर. समोर दिसणारे, सरळ पाना लागणारे बोल्ट त्यांच्या लेखी कारकुनी काम. ते माझ्याकडे येतात. "हे चार तुम्ही काढा," असं सांगून ते खऱ्या कामाला म्हणजे आतल्या पाचव्याकडे वळतात.

"हात जातो की ओ!" हे त्यांचं पालुपद. वरचं सगळं उतरवल्याशिवाय तिथे पोचता येणार नाही असं कुणीही म्हणालं, मग तो तीस वर्षं गॅरेज चालवणारा असो, की हे ऐकू येतं. आणि हात जातो, हे खरंच आहे. मनगटापर्यंत जातो. मग कोपर आडवं येतं. कोपर वळवावं तर अंगठा कुठल्याशा पाइपाला अडतो. अंगठा मिटून घेतला की बोटं बोल्टाला लागतात, पण आता हातात पाना मावत नाही. इथवरचा प्रवास ते मोठ्याने सांगत असतात. "लागला... लागला की ओ... डोकं लागलं हाताला... बाराचा आहे."

त्याआधीचा विधी ठरलेला. घड्याळ आणि अंगठी काढून माझ्या खिशात. उजवी बाही दंडापर्यंत वर. मग हात आत गेला की डोळे बंद. दिसत काही नसतंच, त्यामुळे उघडे ठेवून उपयोगही नसतो. मान वर, तोंड किंचित उघडं, सगळं लक्ष बोटांच्या टोकाला. तानपुरा जुळवणारा गवई दिसतो तसे ते त्या वेळी दिसतात आणि तेव्हा बोलायची सोय नसते. एकदा खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं, तर बोट घसरलं म्हणून पुढे कितीतरी दिवस साडू त्यांच्याशी धड बोलत नव्हते.

बोल्ट असा अवघड जागी का असतो, यावर त्यांचा अभ्यास आहे. कुर्ल्याला बनणारी पद्मिनी आणि कलकत्त्याकडची अँबॅसडर या गाड्यांत इंजिन उभं असायचं, बाजूने हात घालायला ऐसपैस जागा. मग 1959 मध्ये इंग्लंडात अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' आणली, जागा वाचवायला इंजिन आडवं बसवलं, आणि हळूहळू जगभरच्या छोट्या गाड्या त्याच वाटेने गेल्या. इंजिनाची मागची बाजू गेली पार केबिनच्या भिंतीला चिकटून. त्यात अनेक कारखान्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच जोडून घेतात आणि मग खालून गाडीत चढवतात. म्हणजे ज्याने तो बोल्ट आवळला त्याच्यापुढे तो ताटात वाढल्यासारखा होता. इसिगोनिस यांना 1969 मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. साडूंना ती मान्य नाही. "ह्या माणसाला एकदा आमच्या बेसमेंटला आणायला पाहिजे होतं," असं ते फार मनापासून म्हणतात.

त्यांचा हत्यारांचा पेटारा बघण्यासारखा आहे. माझ्याबद्दल त्यांच्या मनात जो काही आदर आहे तो या पेटाऱ्यामुळेच, कारण मी नाशिकचा, आणि हत्यारं बनवणाऱ्या टपारियाचा कारखाना नाशिकला सातपूरच्या एमआयडीसीत. लग्न ठरताना आमच्या सासऱ्यांनी माझी नोकरी विचारली, साडूंनी सातपूरला ओळख आहे का ते विचारलं. फिक्स पाने, रिंग पाने, गोट्यांचा डबा, लांब-आखूड एक्स्टेन्शन, मान मोडणारा युनिव्हर्सल जॉइंट, सगळं फडक्यात गुंडाळून असतं. खंडेनवमीला त्यांची पूजा होते. बेंगळुरू त्या दिवशी गाड्यांना केळीचे खांब बांधून चाकाखाली लिंबू ठेवतं. साडूंच्या घरी गाडीला एक झेंडू आणि बाकी सगळी फुलं पान्यांना. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी 72 दात्यांचा रॅचेट घेतला. साध्या रॅचेटला पुढची टिक मिळायला हात बराच फिरवावा लागतो, यात पाच अंशांत काम भागतं. घरी आणल्यावर त्यांनी तो ताईंच्या, म्हणजे बायकोच्या, कानाजवळ धरून टिक टिक वाजवून दाखवला. भेट ती एवढीच.

तरी त्यांचं खरं प्रेम साध्या फिक्स पान्यावर. त्याचं तोंड दांड्याशी सरळ नसतं, 15 अंशांनी तिरकं असतं, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. षटकोनी डोक्याला पुढची पकड मिळायला पाना 60 अंश फिरायला हवा आणि अडचणीच्या जागी तेवढी जागा नसते. मग दर खेपेला पाना पालथा घालायचा: तिरक्या तोंडामुळे 30 अंशांतच पुढची पकड मिळते. "कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी आपला विचार करून ठेवलाय की ओ," असं म्हणताना त्यांचा आवाज जड होतो. इसिगोनिस त्यांचा शत्रू असेल, पण पान्याचं तोंड वाकडं करणारा तो अनामिक माणूस त्यांच्या देव्हाऱ्यात आहे.

गंजलेला बोल्ट असेल तर आदल्या रात्री डब्ल्यूडी-40 मारून ठेवायचं आणि सकाळपर्यंत कुणी त्याला हात लावायचा नाही. मग सकाळी तो हलला नाही तर गोष्ट सांगायची. 1953 मध्ये सान डिएगोला हे औषध तयार झालं, पाणी हटवायचं मिश्रण ते बनवणाऱ्यांना चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात 40. "चाळिसाव्याला जमलं त्यांना. माझी आता कुठं सहावी खेप." टॉर्च धरणाऱ्याला या गोष्टीने काय वाटतं ते विचारू नका. टॉर्च धरणारा हा स्वतंत्र प्राणी आहे. त्याला काम दिसत नाही, फक्त हुकूम ऐकू येतात. "इकडं. इकडं नव्हे हो, आत. माझ्या हातावर कशाला मारताय, हाताच्या पलीकडं मारा." हात तर मधे आहे. प्रकाशाने पलीकडे जावं कुठून, हा प्रश्न विचारायचा नसतो. मजुरी म्हणून शेवटी बेळगावचा कुंदा मिळतो, म्हणून मी टिकून आहे.

आणखी एक घोळ म्हणजे दिशेचा. बोल्टाचं डोकं पलीकडे तोंड करून असलं की आपल्या बाजूने सैल करायची दिशा उलटी होते. साडू हे पाण्याच्या बाटलीवर आधी करून बघतात. बाटली पाठीमागे धरून झाकण उघडतात, हाताला दिशा पटवतात आणि मग तोच हात आत घालतात. तरीही मधेच शंका येते. "मी आवळालोय की सोडवालोय?" हा प्रश्न ते मला विचारतात. मी टॉर्च धरलेला असतो.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे बोल्ट हातून सुटणं. त्या क्षणी तळघरात सगळे गप्प. दोन सेकंदांनी साडू विचारतात, "वाजला?" फरशीवर टण् वाजला तर आनंद, कारण तो कुठेतरी चाकापाशी सापडतोच. नाही वाजला तर संपलं. तो गाडीच्या पोटातच कुठल्यातरी फळीवर, खालच्या पत्र्यात जाऊन बसला. मग काठीला बांधलेलं लोहचुंबक येतं, ताईंची सांडशी येते, फोनचा कॅमेरा चालू करून आत सोडला जातो. एकदा फोनच आत राहिला. तो वाजवून शोधावा लागला. ऑफिसातलं कुणीतरी त्याच वेळी फोन करत होतं, त्यामुळे गाडीच्या आतून साडूंच्या साहेबांचं नाव उमटताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

सेल्फचं, म्हणजे गाडी सुरू करणाऱ्या मोटरचं, प्रकरण मात्र सांगायला हवं. गाडी किल्ली फिरवली की नुसती 'टक्' म्हणायची. साडूंनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली (यात ते फार कडक आहेत), मग खालचा बोल्ट पाच मिनिटांत काढला. वरचा मॅनिफोल्डच्या मागे. तो काढण्यात शनिवार गेला. सेल्फ सुटला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि वॉचमन, जो संध्याकाळपासून दर तासाला "आयता, सार?" म्हणजे 'झालं का, साहेब?' असं विचारून जायचा, त्याने स्वतःहून टाळ्या वाजवल्या. त्या सेल्फचे कार्बन बदलायला साडू सोमवारी रजा टाकून तो पिशवीत घेऊन मेट्रोने निघाले. कडुगोडीच्या स्टेशनात पिशवी यंत्रातून गेली आणि पडद्यावर तारा गुंडाळलेला लोखंडी गोळा दिसला. साडूंनी पिशवी उघडून तिथल्या लोकांना सेल्फ कसा चालतो ते समजावून दिलं. मॅजेस्टिकला गाडी बदलून जे. सी. रोड, आणि संध्याकाळी परत.

काढणं सोपं होतं असं पुढच्या रविवारी कळलं. वरचा बोल्ट आता परत बसवायचा होता. गोटीत कागदी चिकटपट्टीचा तुकडा घालून बोल्ट घट्ट धरला, एक्स्टेन्शन लावलं, ग्रीस लावून बघितलं. आटा काही धरेना. जबरदस्ती केली तर आटे तिरके जाणार आणि मग गिअरबॉक्सचं घर कामातून गेलं. साडू हात बाहेर काढून भिंतीला टेकून बसले. त्यांनी आमच्या नऊ वर्षांच्या धाकटीकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे. "ये गं बाळ. तुझा हात बारीक आहे."

तिला स्टुलावर उभं केलं. "डोळे मीट. आधी उलटा फिरव, हळू. टक् असं हाताला लागलं की थांब, मग सुलटा." ती ओठ चावून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "टक् झालं काका." आणि दोन बोटांनी तिने तो बोल्ट फिरवत नेला. साडूंनी नंतर रॅचेटने आवळला खरा, पण त्यांचा चेहरा पडलेला होता. संध्याकाळी कुंद्याचा मोठा वाटा तिला मिळाला, आणि "मी सैल करून ठेवला होता म्हणून तिला जमलं," हे वाक्य आम्ही जेवताना दोनदा ऐकलं.

ताईंची तक्रार पैशांची नाही, साखरेची आहे. हाताचं ग्रीस काढायला साडू भांड्यांच्या साबणात साखर घालून चोळतात. डबा रविवारी अर्धा होतो. सोसायटीची तक्रार फरशीवरच्या तेलाची. पार्किंगमध्ये दुरुस्ती करू नये असा नियम झाला, ग्रुपवर तो टाकला गेला, आणि त्याखाली पहिला अंगठा साडूंचा होता. दुरुस्ती गॅरेजवाले करतात, आपण फक्त एक बोल्ट बघतो, असं त्यांचं म्हणणं. मजा अशी की नियम करणाऱ्या कमिटीतल्या सेक्रेटरींची गाडी पुढे सुरू होईना, तेव्हा ते रात्री लिफ्टने खाली उतरून साडूंच्या दारात उभे राहिले. "तुमचा हात जातो का बघा," म्हणाले. आम्हाला साडू परत दोन तास मिळाले नाहीत.

गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. आता ती विकली जाईल, नवीन येईल, नव्या गाडीचं बॉनेट उघडलं की नुसतं प्लास्टिकचं झाकण दिसतं आणि खाली काही कळत नाही, या आशेवर ताई, आमची ही आणि मी आम्ही तिघंही होतो. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते म्हणजे गाडी संपत नाही. तपासणीत पास झाली तर पाच वर्षं वाढवून मिळतात. साडूंची गाडी पास झाली. म्हणजे अजून पाच वर्षं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी व्हाइटफील्डला येणार असेल तर शनिवारी या, रविवारी येऊ नका. आणि रविवारीच यायचं झालं तर जुने कपडे घाला, आणि बारीक हाताचं एखादं पोर बरोबर आणा.