एन्रॉनच्या गावात जनरेटर

ह्यूस्टनमध्ये आपल्या भागात वीज आली की नाही, हे कळायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे बर्गर. ८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ येऊन गेलं, बावीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली, आणि ती नेमकी कुठे आहे नि कुठे नाही याचा धड नकाशा कुणाकडे मिळेना. तो सापडला ‘व्हॉटाबर्गर’ या टेक्सासच्या लाडक्या बर्गरवाल्यांच्या ॲपमध्ये. उघडं दुकान नारिंगी, बंद दुकान राखाडी. ज्या शहरात नासाचं केंद्र आहे आणि तेल कंपन्यांचे इंजिनिअर गल्लोगल्ली राहतात, ते शहर बर्गरच्या दुकानांचे ठिपके मोजत बसलं होतं. आम्ही शाकाहारी. त्या दुकानाशी आमचा आलेला हा पहिलाच संबंध.

आमच्या जवळचा ठिपका राखाडी होता तो राखाडीच राहिला. जुलैतलं ह्यूस्टन, पारा पस्तिशीपुढे, हवा ओल्या टॉवेलची. फ्रीजरमधला आमरस गेला, भारतातून आणलेलं मेतकूट मात्र टिकलं, कारण मेतकुटाला काहीच होत नाही. नवरा गाडीत एसी लावून फोन चार्ज करत बसायचा आणि तिथूनच त्याने जाहीर केलं की आपण जनरेटर घेणार.

नवरा इंजिनिअर आहे. आमच्याकडे वस्तूचा आधी अभ्यास होतो, मग तुलना होते, मग ते मॉडेल बंद होतं आणि अभ्यास पहिल्यापासून सुरू होतो. यावेळीही एक्सेलची शीट उघडली गेली. पहिल्या रकान्यात घराबाहेर सिमेंटच्या ओट्यावर कायमचा बसणारा, पाइपच्या नैसर्गिक वायूवर आपोआप सुरू होणारा जनरेटर. बसवण्यासकट दहा हजार डॉलर आणि वर. हा रकाना मी हातानेच पुसला. उरले ते चाकांवरचे, ज्यांना पोर्टेबल म्हणतात. नवऱ्याला आवडलेला बारा हजार वॅटचा ‘पोर्टेबल’ शंभर किलोंचा होता. तो गॅरेजमधून अंगणात कोण ओढणार, असं मी विचारलं. शीटमध्ये त्याला रकाना नव्हता.

जनरेटरच्या खोक्यावर जो आकडा ठळक अक्षरांत असतो, तो कधी आपल्या कामाचा नसतो. आमच्या यंत्राच्या खोक्यावर ४५०० आहे. हे सुरू होतानाचे वॅट, तेही पेट्रोलवर, तेही काही सेकंद. सतत चालताना पेट्रोलवर ३५००. गॅसवर, म्हणजे प्रोपेनवर, सुरू होताना ४०५०. आणि गॅसवर सतत चालताना ३१५०, जो आकडा खोक्याच्या बुडाशी, मुंगीला वाचता येईल अशा टायपात. प्रोपेनमधून त्याच इंजिनाला पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के कमी ताकद मिळते. म्हणून दोन्ही इंधनांवर चालणारं यंत्र घेताना तळाचा आकडा आधी वाचायचा आणि पटला तरच वर जायचं.

सुरू होतानाचे वॅट ही भानगड मला फ्रिजवरून कळली. फ्रिज म्हणजे लग्नातला मोठा जावई: एकदा बसला की दीडदोनशे वॅटवर समाधानी, पण बसेपर्यंत हजारभर वॅटची सरबराई करावी लागते. कॉम्प्रेसर किंवा मोटर असलेल्या बहुतेक वस्तूंची हीच तऱ्हा. दिवे, राउटर, फोन ही गरीब मंडळी. जेवढं सांगतात तेवढंच खातात.

मग दोन इंधनं कशाला? वादळानंतर पेट्रोल पंपावर पेट्रोल असतं, पण ते वर काढणारा पंप विजेवर चालतो. ज्या थोड्या पंपांवर वीज असते तिथे रांगा लागतात. आधीच साठवून ठेवावं, तर इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. काही महिन्यांत ते शिळं होतं आणि कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. ज्या रात्री जनरेटर हवा, त्याच रात्री तो सुरू होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रोपेन मात्र टाकीत वर्षानुवर्षं तसाच राहतो. आणि टेक्सासमध्ये ज्या घरात पुस्तक सापडणार नाही, त्या घरातही बार्बेक्यूची गॅसटाकी सापडते. पहिला मान गॅसचा, पेट्रोल राखीव, असा आमचा ठराव झाला.

याच सुमारास परभणीहून सासूबाई आल्या.

सासूबाईंनी महाराष्ट्रातलं लोडशेडिंग पहिल्या बाकावर बसून पाहिलं आहे. नवऱ्याने त्यांना अभिमानाने डाउनटाउन दाखवलं, स्मिथ स्ट्रीटवरचा १४०० नंबरचा काचेचा मनोरा दाखवला आणि सांगितलं, ‘‘आई, हे एन्रॉनचं ऑफिस होतं.’’ आई बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपला लाईट इथं होता होय!’’

आता हे पूर्ण न्यायाचं नाही, पण परभणीतून पाहिलं तर फार अन्यायाचंही नाही. एन्रॉन कंपनीच्या गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार १९९३ मधला. हा प्रकल्प समुद्रात बुडवायच्या घोषणांवर १९९५ ची निवडणूक गाजली, नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला आणि वाटाघाटी करून पुन्हा वर काढला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणं थांबवलं, संच बंद पडले, आणि त्याच डिसेंबरात ह्यूस्टनच्या एन्रॉनने दिवाळं काढलं. गंमत म्हणजे तो प्रकल्पही दोन इंधनांचाच. सुरुवात नाफ्त्यावर, पुढे द्रवरूप नैसर्गिक वायूवर नेऊ असा बेत. नवऱ्याच्या शीटमध्ये दाभोळला रकाना करावा असं मी सुचवलं. वजनाच्या कारणावरून ते फेटाळलं गेलं.

ह्यूस्टनकरांना विजेबद्दल हसायचा हक्क मात्र मुळीच नाही. टेक्सासने आपली ग्रिड देशातल्या बाकीच्या दोन मोठ्या ग्रिडपासून जवळजवळ वेगळी ठेवली आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत थंडीने ती गोठली, पंचेचाळीस लाख घरं अंधारात गेली, आणि सबंध ग्रिड कोसळायला फक्त ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, असं ती चालवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं. बेरिलचं दुखणं निराळं. तेव्हा ग्रिड ठणठणीत होती, पण झाडं तारांवर पडली होती. अंधारात बसणाऱ्याला हा फरक समजावून सांगणं हा नवऱ्याचा छंद आहे.

तर सासूबाईंनी शीट मागितली. नवऱ्याने घरातल्या सगळ्या उपकरणांचे वॅट लिहून खाली बेरीज मारली होती: सतरा हजार. चष्मा लावून त्यांनी यादी वाचली आणि विचारलं, ‘‘हे समदं एकदम कामून लावायलास?’’

नवरा गप्प. त्या प्रश्नाला खरंच उत्तर नव्हतं.

परभणीत भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात यायचं. लाईट यायच्या आधी वाटणाचं साहित्य मिक्सरच्या भांड्यात तयार, इस्त्रीचे कपडे रचलेले, पाण्याच्या मोटरीचं बटण दाबायला एक पोरगा उभा. मोटर बंद झाली की इस्त्री, इस्त्री झाली की मिक्सर. गिरणीवाल्याचीही वेळ ठरलेली. विद्युतभाराचं व्यवस्थापन या विषयावर इथे लोक पीएचडी करतात. माझ्या सासूबाईंनी ते डोक्यावर पदर घेऊन केलं आहे.

त्यांनी पेन घेतलं. कपडे वाळवायचा ड्रायर, पाच हजार वॅट: काट. दोरी बांधू. (कॉलनीच्या नियमात दोरी बसत नाही. नियम करणारेही तेव्हा अंधारातच असणार.) ओव्हन: काट. शेगडी गॅसची आहे, काडीने पेटवू. चार टनांचा घरभरचा एसी: काट. सगळ्यांनी एका खोलीत झोपायचं, त्या खिडकीला एक लहान एसी, पाचशे वॅटच्या आत. मायक्रोवेव्ह: हा त्यांनी वॅट न बघताच काटला. तो त्यांना तसाही आवडत नाही. राहिले फ्रिज, फ्रीजर, खिडकीचा एसी, पंखे, दिवे आणि राउटर. सगळं मिळून हजारभर वॅट. त्यावर फ्रिज नि एसी एकदम दचकून उठले, तर त्यांच्या सरबराईची सोय. मालिकेच्या वेळी टीव्ही. आणि मिक्सर, एसी दोन मिनिटं बंद ठेवून. तो मिक्सर त्यांनी परभणीहून आणला आहे. त्याला २३० व्होल्ट लागतात, इथे मिळतात १२०, म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसतो, जो मिक्सरपेक्षा जड आहे. शेंगदाण्याच्या चटणीसाठी तेवढं करावं लागतं.

शंभर किलोंचं यंत्र अशा रीतीने पंचेचाळीस किलोंवर आलं. शिवाय हे इन्व्हर्टर जातीचं. साध्या जनरेटरला भार असो नसो, मिनिटाला ३६०० फेरे मारावेच लागतात, तेव्हाच इथली ६० हर्ट्झची वीज निघते. इन्व्हर्टरवाला भार कमी असेल तर सावकाश फिरतो, कमी पितो आणि कमी ओरडतो.

सासूबाईंचं सगळंच मानलं असं नाही. परभणीच्या बाजारात दुकानांच्या पायरीवर जनरेटर धडधडताना त्यांनी पाहिले आहेत, तेव्हा आपलाही गॅरेजमध्ये दार अर्धं उघडं ठेवून चालेल, असं त्यांचं म्हणणं. इथे मात्र नवरा पहिल्यांदाच आईवर आवाज चढवून बोलला, आणि मी त्याच्या बाजूने. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. २०२१ च्या त्या थंडीत गॅरेजमध्ये गाड्या सुरू ठेवून आणि घरात कोळसा पेटवून टेक्सासभर हजारावर माणसं इस्पितळात गेली, काही परत आली नाहीत. यंत्र घरापासून किमान वीस फूट लांब, धुराचं तोंड खिडक्यांच्या उलट दिशेला. पावसात सोय करायची तर छत्र यंत्रापाशी न्यायचं, यंत्र छपराखाली आणायचं नाही. विषारी वायू वाढला की आपोआप बंद पडणारं यंत्र मिळतं, तेच घ्यावं.

दुसरा सल्ला ओळखीतल्या एका गृहस्थांचा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घ्या, एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, सगळं घर उजळतं! उजळतं खरं. पण तीच वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाऊन हजारो व्होल्टची होते आणि तार जोडायला चढलेल्या माणसाला मारते. या वायरीला इथे ‘सुसाइड कॉर्ड’ म्हणतात. घराच्या पॅनेललाच जोडायचं असेल, तर इलेक्ट्रिशियनकडून मुख्य बटण आणि जनरेटरचं बटण एकदम चालू होऊच न देणारं इंटरलॉक बसवून घ्यावं. आम्ही जाड एक्स्टेंशनवर भागवतो.

खरेदी एप्रिलच्या शेवटी झाली. त्या शनिवार ते सोमवार टेक्सास सरकार आपत्तीच्या सामानावरचा विक्रीकर माफ करतं. तीन हजार डॉलरच्या आतला जनरेटर, बॅटऱ्या, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, झालंच तर कुऱ्हाडसुद्धा. ९०० डॉलरच्या यंत्रावर सव्वाआठ टक्के वाचले. त्या आनंदात नवऱ्याने कुऱ्हाडही घेतली. आमच्या अंगणात झाड नाही.

गॅसटाकी पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘‘हे काय, पिल्लू?’’ आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोंचा, इथली टाकी वीस पौंडांची, म्हणजे नऊ किलो. त्यातही दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून रिकामी देऊन भरलेली घेतली, तर वीसच्या टाकीत बहुधा पंधराच पौंड गॅस असतो. हे कळल्यावर त्या हादरल्या. ‘‘वजन करून नाही घेतलं?’’ तेव्हापासून आम्ही जिथे समोर भरून देतात तिथेच जातो, आणि भरणारा मुलगा आईंना पाहिलं की काट्याकडे दोनदा बघतो.

टाकीत किती उरलंय हे बघायला नवऱ्याने एक मीटर मागवला होता. तो यायच्या आत आईंनी ओलं फडकं टाकीला गुंडाळून काढलं. वरचा पत्रा चटकन वाळला, खालचा ओला राहिला. जिथे ओल संपते तिथवर गॅस. मीटर आला, तोही तेच सांगतो, फक्त पंधरा डॉलरला. मात्र शेवटचा गॅस निघावा म्हणून त्या टाकी आडवी करायला निघाल्या, तेव्हा दोघांनी धावत जाऊन ती उभी केली. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये जातो.

आणि मग त्या मोसमात ह्यूस्टनकडे एकही वादळ फिरकलं नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर नवरा रोज हवामानाचा नकाशा बघायचा, आणि वादळ फ्लोरिडाच्या बाजूला वळलं की त्याचा चेहरा उतरायचा. महिन्यातून एकदा तो यंत्र बाहेर काढतो, वीस मिनिटं फ्रिज आणि पंख्यांवर चालवतो, पेट्रोल वापरलंच तर कार्ब्युरेटर कोरडा पडेपर्यंत थांबतो. शेजारी दाराआडून बघतात.

माझं मत विचाराल, तर आधी यादी काटा, मग यंत्र घ्या. टाक्या एप्रिलमध्येच भरा आणि घराबाहेर ठेवा. जनरेटरच्या आधी पंचवीस-तीस डॉलरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर लावा. आणि पुढच्या वादळात फोन चार्ज करायला आमच्याकडे येणार असाल तर अवश्य या, चहा मिळेल. एक्स्टेंशन आपापलं आणायचं, बारा गेजचं.